जमिनीखालची नदी



मॉस्को शहर कोणत्या नदीकाठी आहे, असे गुरुजींनी विचारले तर आपण चटकन सांगू, "मॉस्क्वा!" पण त्या शहरात आणखी एक लहान नदी आहे. ती शहराच्या अगदी मधून वाहते, तरी रस्त्याने जाणाऱ्याला दिसत नाही. तिचे नाव नेग्लिन्नाया. लांबी फक्त साडेसात किलोमीटर. हे वाचून मला नवल वाटले. मग नदी गेली तरी कुठे? त्याचीच ही हकिकत.

मॉस्कोचा क्रेमलिन हा किल्ला टेकडीवर आहे. त्याच्या एका अंगाला मॉस्क्वा आणि दुसऱ्या अंगाला नेग्लिन्नाया. शत्रू आला तर आधी पाणी ओलांडायला हवे! तिसरी बाजू उघडी होती. तिथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला खंदक खणून दोन्ही नद्या जोडल्या. म्हणजे या लहान नदीने किल्ल्याची राखण केली.

ती कामालाही येई. बंधारे घालून तळी केली होती, त्यांवर पाणचक्क्या चालत. काठावर तोफा ओतण्याचा कारखाना होता. जवळच लोहार राहत, म्हणून तिथल्या पुलाला 'लोहारांचा पूल' म्हणत. आज पूल दिसत नाही, पण रस्त्याला तेच नाव आहे.

पुढे शहर वाढले. लोक सगळी घाण नदीतच टाकायचे. पाणी नासलं, दुर्गंधी सुटली. १८१२ च्या मोठ्या आगीनंतर शहर नव्याने बांधताना, १८१७ ते १८१९ या काळात, नदीवर विटांची कमान घालून ती झाकून टाकली. किल्ल्याजवळ तिच्यावर बाग केली.

झाकलं म्हणजे संपलं, असं लोकांना वाटलं असेल. पण घाण काही थांबली नाही. गिल्यारोव्स्की नावाचे बातमीदार एकदा दिवा घेऊन त्या भुयारात उतरले. आत चिखल आणि घाण साचलेली. त्यांनी ते सारे लिहून लोकांपुढे मांडले. जोराचा पाऊस झाला की भुयार पुरत नसे आणि पाणी रस्त्यावर येई. विसाव्या शतकातही असे पूर आले. शेवटी १९७० नंतर नवे मोठे भुयार बांधावे लागले.

क्रेमलिनजवळच्या त्या बागेत आजही एक जुना पूल उभा आहे. त्याच्याखाली पाणी नाही, माणसे फिरतात. तो पूलच काय ती नदीची खूण.

मला वाटते, नदी झाकता येते, पण तिचे पाणी थांबवता येत नाही. ते आपली वाट शोधतेच. झाकण्याचा एवढा खटाटोप करण्यापेक्षा आधीच घाण टाकली नसती तर? तुम्हीच सांगा.

(इयत्ता ७ वी)