घरचे वायफाय : आधी टेहळणी, मग कारवाई

कॅडेट मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर आपल्यापैकी पुष्कळांना एक काम हमखास मिळते. "एवढ्या मोठ्या शाळेत शिकतोस, मग हे वायफाय का अडकते ते बघ जरा!" अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. दोन तास बरे चालते, मग पुन्हा तेच. राउटर बंद-चालू करणे हा उपचार आहे, निदान नव्हे. या दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या भिलाईच्या घरी बारा दिवसांत निदान आणि उपचार दोन्ही केले. तीच पद्धत इथे क्रमाने देत आहे. यासाठी लागणारे भौतिकशास्त्र आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे नाही.

प्रश्न काय होता

आमचे आजोबा भंडाऱ्याहून नोकरीसाठी भिलाईला आले आणि आम्ही तिथलेच झालो. घरात एका ओळीत तीन खोल्या आहेत. राउटर पुढच्या खोलीत आणि ताईचा अभ्यास मागच्या खोलीत. ताई यंदा बारावीला आहे आणि नीटची तयारी करते. दर रविवारी तिची तीन तासांची ऑनलाइन सराव परीक्षा असते. जोडणी तुटली तरी परीक्षेचे घड्याळ थांबत नाही. "राउटरजवळ येऊन बस" हे सांगणे सोपे आहे, पण बाबा रात्रपाळी करून दिवसा त्याच पुढच्या खोलीत झोपतात. शेवटी ताईने नागपूरला मावशीकडे राहायला जायचे जवळजवळ ठरवले होते. एका वायफायसाठी बारावीच्या वर्षात घर सोडायचे, हे आईला पटत नव्हते.

पायरी १ : दोष कोठे आहे ते शोधा

इंटरनेट आपल्यापर्यंत दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा कंपनीपासून राउटरपर्यंत, म्हणजे तारेचा. दुसरा राउटरपासून आपल्या यंत्रापर्यंत, म्हणजे हवेतला. कोणता टप्पा तुटतो हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

यासाठी संगणकातली पिंग ही आज्ञा पुरेशी आहे. पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. समोरचे यंत्र 'आहे' म्हणते आणि उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते पडद्यावर दिसते. दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला हाक मारा, ज्याचा पत्ता पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. राउटर व्यवस्थित उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष कंपनीच्या बाजूला. राउटरच उत्तर द्यायला चुकतो, तर दोष घरातल्या हवेत. नंतर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून हीच चाचणी पुन्हा करा.

मी सकाळी, दुपारी आणि रात्री अशा तीन वेळा नोंदी वहीत लिहिल्या. केबलवर १०० पैकी १०० उत्तरे आली. मागच्या खोलीत वायफायवर राउटरलाच मारलेल्या १०० हाकांपैकी १७ वाया गेल्या. म्हणजे कंपनीची तार चांगली होती. शत्रू घरातच होता.

पायरी २ : सिग्नल मोजा

मोबाइलवरच्या वायफायच्या रेघा फसव्या असतात. त्यापेक्षा सिग्नल मोजणारे एखादे मोफत ॲप घ्या. ते डीबीएम या एककात आकडा दाखवते. आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. आमच्याकडे पुढच्या खोलीत −४५, मधल्या खोलीत −६३ आणि मागच्या खोलीत −८१ आले.

४५ आणि ८१ यांत फार फरक वाटत नाही ना? पण हे मोजमाप लॉगरिदमचे आहे. दर १० ने घट झाली की शक्ती दहाव्या हिश्श्यावर येते, दर ३ ने सुमारे निम्मी होते. ३६ ची घट म्हणजे शक्ती सुमारे ४,००० व्या हिश्श्यावर. ताईच्या टेबलापर्यंत एवढेच पोहोचत होते. साधारण −६५ पर्यंत काम छान चालते, −८० च्या पुढे भरवसा नाही.

पायरी ३ : वाटेत कोण उभे आहे ते पाहा

रेडिओलहरी भिंतीतून जातात हे आपल्याच देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात लोकांसमोर दाखवले होते. त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. पण प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते. विटांची भिंत थोडा घेते, सळ्यांचा स्लॅब जास्त घेतो, पाणी लहरी शोषते आणि लोखंडी पत्रा त्यांना परत फिरवतो.

तरंगलांबी म्हणजे वेग भागिले वारंवारता. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटीमीटर. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण ती भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून त्याच खोलीत ५ आणि भिंतीपलीकडे २.४, हा साधा नियम.

आमच्या घरात राउटर टीव्हीच्या मागे, जमिनीपासून दोन फुटांवर होता. मधल्या आणि मागच्या खोलीच्या भिंतीला दोन लोखंडी कपाटे टेकलेली होती. शेजारच्या खिडकीत उन्हाळ्यापासूनचा पत्र्याचा कूलर होता आणि त्यात अजून पाणी होते. ज्या गावात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि जिथून देशभर रेल्वेचे रूळ जातात, त्या गावात लोखंडाबद्दल तक्रार कोणाकडे करणार!

राउटर टीव्हीमागून काढून सहा फूट उंचीच्या फळीवर ठेवला, त्याचे अँटेना सरळ उभे केले आणि कूलर रिकामा करून गच्चीवर नेला. उभा अँटेना लहरी मुख्यतः आडव्या दिशेने चहूकडे पाठवतो, म्हणून एकाच मजल्यावर तो उभाच हवा. मागच्या खोलीचा आकडा −८१ वरून −७४ वर आला. एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

पायरी ४ : चॅनेल निवडा

वायरलेस सेटवर एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात आणि 'ओव्हर' ऐकल्यावर बोलतात, हे आपण शिकलो आहोत. वायफायही आधी ऐकते, मोकळे असेल तरच बोलते. एकाच चॅनेलवर असलेले राउटर असे पाळीपाळीने बोलतात. पण अर्धवट एकमेकांवर येणाऱ्या चॅनेलवर त्यांना एकमेकांचे बोलणे नीट कळत नाही. तो फक्त गोंगाट होतो.

२.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे १३ चॅनेल आहेत. दोन शेजारच्या चॅनेलांत ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, पण प्रत्येक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. आमच्या घरी ॲपवर अकरा राउटर दिसले, त्यांतले सात ६ च्या आसपास. मी आपला ११ वर नेला आणि रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. कमाल वेग थोडा घटला, पण वाया जाणाऱ्या हाका १७ वरून ५ वर आल्या. परीक्षेला वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे असते.

पायरी ५ : भिंत फोडू नका, वळसा घाला

५ हाका तरीही वाया जात होत्या. कपाटे हलवणे शक्य नव्हते. दुकानदार अशा वेळी रिपीटर सुचवतो. रिपीटर ऐकलेले पुन्हा बोलतो, त्यामुळे एकाच बँडवर वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवला तर त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. लावायचाच असेल तर मध्यावर लावा.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे तार. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते. आम्हाला वीस मीटर पुरली. दारांच्या चौकटींवरून खिळ्याच्या क्लिपा ठोकत ती मागच्या खोलीपर्यंत नेली. दुसऱ्या टोकाला माळ्यावर पडलेला जुना राउटर लावला. त्याआधी त्यात चार बदल केले: पत्ता १९२.१६८.१.२ दिला, पत्ते वाटण्याचे काम म्हणजे डीएचसीपी बंद केले, चॅनेल १ ठेवला आणि नाव व पासवर्ड मुख्य राउटरचेच दिले. केबल दोन्हीकडे लॅनच्याच खाचेत लावायची. ताईच्या टेबलावर −४८ आकडा आला. ३०० हाका मारल्या, ३०० उत्तरे आली.

पायरी ६ : वीज आणि दुसरी फळी

वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणभरात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होत असे आणि त्यात दोन-तीन मिनिटे जात. पुष्कळ इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते. ते चालू केले की बदल लवकर होतो. आमचे काम तेवढ्यावर भागले. नाहीतर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, मात्र अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा. परीक्षेच्या वेळी ताईचा मोबाइल हॉटस्पॉटसाठी तयार ठेवायचा, हेही ठरवले. एकाच मार्गावर विसंबून मोहीम करत नाहीत.

पायरी ७ : पहारा दुसऱ्याच्या हाती द्या

हे सर्वांत महत्त्वाचे. आपण शाळेत परतणार, घरच्यांना मात्र रोज तेच वायफाय वापरायचे असते. म्हणून मी आईला सर्व दाखवले आणि एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला:

१. एलओएस दिवा लाल असेल तर घरात काही करू नये, कंपनीला फोन करावा.
२. दिवा ठीक असेल तर आधी मुख्य डबा, दोन मिनिटांनी मागचा राउटर बंद-चालू करावा.
३. टाचणीने दाबायचे रिसेटचे छिद्र कधीही दाबू नये, सगळ्या सेटिंग पुसल्या जातात.
४. पातळ पिवळी फायबर तार दुमडू नये, आत काच असते.
५. पासवर्ड पाहुण्यांना सांगितला तर महिनाअखेर बदलावा.

मी निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आईने माझ्यासमोर एकदा सगळे स्वतः करून पाहिले. रविवारी मी गाडीत असताना ताईची परीक्षा झाली. मधे एकदा वीजही गेली, पण जोडणी तुटली नाही. नागपूरचा विषय आता घरात निघत नाही.

आपल्या सैन्याच्या सिग्नल कोअरचे ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस' असे आहे. नुसते तीव्र असून भागत नाही, चौकसही असावे लागते. येत्या सुट्टीत घरी गेलात की पहिल्या दिवशी फक्त मोजा आणि वहीत लिहा. हात दुसऱ्या दिवशी लावा.

जय हिंद!