पाणमांजर काय सांगते?

तुम्ही पाणमांजर पाहिले आहे काय? कोणी त्याला ऊद म्हणतात. दाट केस, जाड शेपटी, बोटांमध्ये पडदा. पाण्यात सुळकन शिरते आणि मासा धरून वर येते. आपल्या कोकणातल्या नद्यांत आणि खाड्यांत ते आजही आहे. मासे खाते म्हणून लोक त्याच्यावर रागावतात. पण हाच प्राणी आपल्याला नदीची खबर देतो. कशी, ते वाचा.

ही हकीकत इंग्लंडातली आहे. तिकडे पूर्वी कुत्रे घेऊन पाणमांजरांची शिकार करीत. शिकारी मंडळी वही ठेवीत. किती दिवस गेलो, किती पाणमांजरे आढळली, हे त्यात लिहीत. १९५७ च्या सुमारास वहीतले आकडे एकाएकी उतरू लागले. एका नदीवर नव्हे, ठिकठिकाणी. शिकार तर आधीपासूनच चालू होती. मग नवे काय घडले?

पुढे शास्त्रज्ञांनी त्या वह्या तपासल्या. १९५५ च्या सुमारास तिकडे डिल्ड्रिन नावाचे जालीम कीटकनाशक आले होते. ते पेरणीच्या बियाण्याला लावीत. अंगावरचे किडे मरावेत म्हणून मेंढ्यांना त्या औषधाच्या पाण्यात बुडवीत. ते पाणी ओढ्यातून नदीला मिळे. औषध आले आणि पाठोपाठ पाणमांजरे घटली. हिशेब जुळला.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या नदीत थोडेसे औषध, त्याने काय होणार? नीट समजून घ्या. हे विष लवकर नाहीसे होत नाही. वर्षानुवर्षे गाळात राहते. गाळातले किडे ते खातात. किड्यांना लहान मासा खातो, लहान्याला मोठा खातो. विष त्यांच्या चरबीत साठते. कणगीत रोज मूठभर धान्य टाकले आणि काढलेच नाही, तर कणगी भरते. तसेच हे. पाण्यात विष थोडे, किड्यात जास्त, माशात त्याहून जास्त आणि पाणमांजरात सर्वांत जास्त.

पाणमांजराला किती धोका आहे, हे कसे ठरवितात? तीन कामे करतात. पहिले, नदीकाठी व पुलाखाली दगडांवर त्याची विष्ठा शोधतात. तिच्यात माशांचे काटे व खवले असतात. विष्ठा सापडली, म्हणजे प्राणी तेथे येतो. दुसरे, गाळ व मासे तपासतात. तिकडचे पाणमांजर दिवसाला सुमारे १ किलो मासे खाते. तेवढ्या माशांत जितके विष, तितके रोज त्याच्या पोटात जाते. ते त्याच्या वजनाला सोसेल की नाही, याचा हिशेब करतात. तिसरे, मेलेल्या पाणमांजराचे यकृत तपासतात. कार्डिफ विद्यापीठात हे काम १९९२ पासून चालू आहे.

१९७७ ते १९७९ या काळात इंग्लंडात २,९४० ठिकाणे पाहिली. १०० पैकी जेमतेम ६ ठिकाणी खुणा सापडल्या. त्या औषधांवर १९६२ पासून टप्प्याटप्प्याने बंधने आली होती. १९७८ मध्ये पाणमांजर मारण्यास कायद्याने बंदी झाली. तरी सगळ्या जिल्ह्यांत ते परत दिसायला २०११ साल उजाडले. नदी बिघडायला दोन-चार वर्षे पुरली. सुधारायला पन्नास लागली!

आता आपल्याकडे पाहा. फवारणी झाली की पंप कोठे धुतो? ओढ्यावर. आम्हीही शाळेच्या बागेचा पंप ओढ्यातच धुतला आहे. पाणी स्वच्छ दिसत होते, म्हणून मनाला काही वाटले नाही. ती आमची चूक होती. त्याच ओढ्यातले मासे आमची मुले धरून आणीत. जे पाणमांजराच्या पोटात, तेच आपल्या ताटात.

म्हणून पंप ओढ्यात किंवा विहिरीपाशी धुऊ नका. औषधाचा डबा तीनदा विसळा. ते पाणी पंपात ओतून शेतातच फवारा. रिकामा डबा घरात वापरू नका.

आणि एक करा. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. ओढ्यात मेलेले मासे दिसले तर ते खाऊ नका. तारीख लिहा, जागा लिहा, ग्रामपंचायतीला दाखवा. त्या शिकाऱ्यांनी वही ठेवली नसती, तर नदीचे दुखणे कधी सुरू झाले हे कोणाला कळले असते?

सांगा पाहू :
१. पाणमांजरात सर्वांत जास्त विष का साठते?
२. नदीकाठी विष्ठा का शोधतात?
३. तुमच्या गावात पंप कोठे धुतात?