गाडीची काच तडकली? विम्याआधी हिशेब करा

जामनेरहून नेरीमार्गे जळगावला जाताना पुढच्या डंपरमधली खडी उडून समोरच्या काचेवर बसली, की पहिला प्रश्न पडतो खर्चाचा आणि दुसरा विम्याचा. विमा मिळतो हे खरं, पण तो घेणं परवडतंच असं नाही.

आधी तडा बघा

टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल, चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपासून लांब असेल, तर रेझिन भरून भागतं. तोवर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, एसीचा झोतही थेट सोडू नका. बोटभर चीर वीतभर होते. लांब चीर पडली असेल, तर काच बदलाच.

साधारण खर्च

- रेझिन भरणं : 500 ते 1,500 रुपये
- छोट्या कारची काच : 4,000 ते 8,000
- एसयूव्ही : 8,000 ते 15,000
- सीलंट व मजुरी : 1,000 ते 2,500

काचेमागे चालकाला सावध करणारा कॅमेरा असेल, तर काच महाग पडते आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करावं लागतं. असं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच द्या. बाकी गाड्यांसाठी जळगाव-भुसावळच्या दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. काच, सीलंट, मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा : कंपनीचं नाव आणि आयएसआय चिन्ह हवंच. समोरची काच लॅमिनेटेड असते. मधल्या प्लास्टिकच्या थरामुळे ती फुटली तरी अंगावर सांडत नाही. इथे स्वस्ताई नको.

विम्याचा हिशेब

नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, पण 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 आणि त्यावर 2,000 रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात.

खरा फटका नो क्लेम बोनसचा. समजा, बोनस वजा करण्याआधी तुमचा ओन डॅमेज हप्ता 8,000 आहे आणि बोनस 50 टक्के. 7,000 च्या काचेसाठी दावा केला, तर हातात 6,000 येतील. पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येईल आणि 20, 25, 35, 45 असा चढत पुन्हा 50 वर पोचेल. हप्ता तोच धरला, तर या काळात 10,000 रुपये जास्त भरावे लागतील. अशा वेळी खिशातून भरलेलं बरं. बोनस अजून लागलाच नसेल, बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन असेल किंवा काच फार महाग असेल, तर दावा जरूर करा; मात्र विमा कंपनीला कळवून, फोटो काढून, मंजुरी मिळाल्यावरच काम सुरू करा.

काच बसवल्यावर

सीलंट किती वेळात सुकतं ते विचारा आणि तेवढा वेळ गाडी हलवू नका. पहिला दिवस गाडी धुऊ नका, दारं आपटू नका, बाजूची काच थोडी खाली ठेवा. जुन्या काचेबरोबर फास्टॅग जातो, तो बँकेकडून बदलून घ्या. एचएसआरपीचा स्टिकरही नवा मागा.

पक्कं बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. पावसात पाणी झिरपलं आणि दुकानदाराने हात वर केले, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करताना तोच कागद कामी येईल.