काढा उकळण्याआधी पान आणि काडी नीट बघा

पावसाळा लागला, की दिग्रसमधल्या घराघरात काढ्याचा गंज चढतो. तुळस, पुदिना, गवती चहा, गुळवेलीची काडी, सगळं एकदमच टाकायचं आणि पाणी निम्मं होईस्तोवर उकळायचं. घरभर वास सुटतो, म्हणजे काढा चांगला झाला असं आपण समजतो. पण हवेत गेलेला वास कपात कुठून येणार?

तुळशीचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. बारीक ठिपके दिसतील, त्या तेलाच्या ग्रंथी. त्या पानाच्या वरच्यावर असतात, बोटानं चोळलं तरी फुटतात. पुदिन्याचंही तेच. म्हणून ही पानं गॅस बंद केल्यावर टाका आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. गवती चहाचं तेल पातीच्या आत, पेशींमध्ये असतं. तो बारीक कातरा आणि झाकण ठेवून दोन मिनिटं उकळा. पातीच्या कडेनं बोट कापतं, तेव्हा गाळणी बारीक वापरा.

गुळवेलीचं काम वेगळं. औषधात वापरतात ते तिचं खोड, म्हणून ती ठेचून उकळावी लागते. पण माझी खरी काळजी पुढचीच आहे. कडुनिंबावर चढलेली दिसली, की ती गुळवेलच असेल असं नाही. खऱ्या गुळवेलीची कागदासारखी पातळ साल सोलली, की खाली हिरवं दिसतं, आणि आडवा काप चाकाच्या आऱ्यांसारखा असतो. तिच्याच कुळातल्या दुसऱ्या एका वेलीचं खोड करडं असतं, त्यावर बारीक गाठी असतात आणि कापल्यावर दुधी चीक येतो. ती घातक ठरू शकते, असं आयुष मंत्रालयानं 2022 साली बजावलं होतं.

खरी गुळवेलही सगळ्यांना मानवत नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. यकृताचा त्रास, थायरॉइडचा किंवा सांध्यांचा ऑटोइम्यून आजार असेल, तर गुळवेलीच्या वाटेला जाऊच नका. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी आधी डॉक्टरांना विचारा. ‘झाडपाल्यानं काय होते’ हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो.

काढा घेता घेता भूक गेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि दवाखान्यात या. येताना ती काडीही सोबत आणा.