जागा घेण्याआधी तिचा इतिहास वाचा

रांजणगाव हे पूर्वीपासून महागणपतीसाठी प्रसिद्ध आहे. एमआयडीसी आल्यापासून फॅब्रिकेशन, गॅरेज, सुतारकाम, बेकरी, भंगार अशा धंद्यांसाठी आपल्या कारागीर बांधवांनाही तेथे जागा हवी असते. आयुष्याची कमाई एका खरेदीखतात जाते. भाव सगळेच विचारतात, पण ही जमीन मुळात कोणाची व कशी मिळालेली, हे फार थोडे विचारतात. आज आपण तेच पाहू.

इंग्लंडच्या परगण्यांत मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटी पिढ्यान् पिढ्या थोरल्या मुलाकडे जात, म्हणून त्या अखंड राहिल्या. १७९३ मध्ये बंगालमध्ये इंग्रजांनी जमीनदारांशी कायमचा करार केला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर पुणे प्रांतात मात्र त्यांनी रयतवारी आणली. शेतकरी थेट सरकारला सारा भरू लागला. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरापासून मोजणी व आकारणी सुरू केली.

पण जुनी इनामे होतीच. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांची वतने. सुतार, लोहार अशा बलुतेदारांच्या चाकरीच्या जमिनी. देवळे, मशिदी, दर्ग्यांच्या जमिनी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने त्यांच्या सनदा तपासल्या. १८६३ च्या कायद्यांनी बरीच इनामे ठराविक जुडी घेऊन कायम केली.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था मोडली. १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतने, १९५२ मध्ये जात इनामे, १९५३ मध्ये रयतोपयोगी चाकरी इनामे, १९५८ मध्ये कनिष्ठ गाव वतने व १९६२ मध्ये पाटीलकी रद्द करणारे कायदे झाले. कूळकायदा १९४८ चा असून १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला व कसणारे कूळ मालक होऊ लागले. वतनदारांना ठरावीक रक्कम भरल्यावर जमीन परत मिळाली, पण पुष्कळदा ‘नवीन शर्तीने’. तीच आज सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून दिसते. अशी जमीन विकण्यावर बंधने असतात. परवानगी व नजराण्याची बाब तपासल्याशिवाय व्यवहार केल्यास पैसे अडकतात आणि जमीन सरकारजमाही होऊ शकते.

धर्मसंस्थांची इनामे या कायद्यांतून वगळली गेली. तेथे पुजारी किंवा मुजावर वहिवाट करतो, पण तो मालक नसतो. वक्फ मिळकतीच्या विक्रीवर २०१३ च्या दुरुस्तीने बंदी घातली. ‘स्वस्त मिळते’ म्हणून अशा जागेला हात लावू नये.

आता रांजणगावातील तिसरा प्रकार पाहा. वसाहतीतील भूखंड महामंडळाचे असतात व ते साधारणतः ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिले जातात. विकणारा मालकी नव्हे, तर पट्ट्याची उरलेली मुदत विकतो आणि हस्तांतराला महामंडळाची संमती लागते. म्हणजे इंग्लंडच्या कुळाप्रमाणे येथे कारखानदारही पट्टेदारच आहे.

म्हणून इसार देण्यापूर्वी पुढील कामे करावीत :

१) चालू सातबाऱ्यावर भूधारणा पद्धती पाहावी. ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ, बोजा व बहिणींची नावे पाहावीत.

२) जुने हस्तलिखित सातबारे व १९५० पासूनचे सर्व फेरफार काढून क्रमाने वाचावेत.

३) तलाठ्याकडे गाव नमुना १-क (वर्ग २ जमिनी) व नमुना ३ (दुमाला म्हणजे इनाम जमिनी) पाहावा.

४) आपण शेतकरी नसल्यास शेतजमीन साधारणतः परवानगीवाचून घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. बिगरशेतीचा आदेश खरा आहे का, हे कार्यालयातच पडताळावे.

५) सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. एक बहीण सुटली तरी दावा उभा राहतो.

या कागदांना थोडा खर्च येतो, आठ-पंधरा दिवस जातात. दलाल घाई करील, ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणेल. त्याला घेऊ द्यावे. आम्ही एवढेच सांगू : जमिनीचे मागचे शंभर वर्षे वाचल्याशिवाय आपल्या पुढच्या पिढीचे पैसे तिच्यात घालू नका.