वांग आणि डोळ्यांखालचा काळेपणा
(द्वितीय वर्ष कला)

गालांवर काळपट डाग उठले की त्याला आपण वांग म्हणतो. कोणी उष्णतेला दोष देतो, कोणी रक्त बिघडले म्हणतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मलमाच्या ट्यूबवरची इंग्रजी अक्षरे घरातील बायका माझ्याकडून वाचून घेतात. त्यातूनच या विषयाचा अभ्यास करावासा वाटला.

वांग म्हणजे मळ नव्हे. म्हणून घासून ते जात नाही. त्वचेतील काही पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. ऊन लागले की त्या अधिक रंग तयार करतात. वस्तुतः हे त्वचेचे संरक्षणच होय. काहींच्या गालांवर, कपाळावर व वरच्या ओठावर मात्र हा रंग साचतो. ऊन, आनुवंशिकता, गर्भारपण व संततिनियमनाच्या गोळ्या ही त्याची प्रमुख कारणे. माझ्या आईला धाकट्या भावाच्या वेळी डाग आले आणि कांद्याच्या रानातील उन्हाने ते टिकून राहिले.

डोळ्यांखालच्या काळेपणाचा सारा दोष जागरणाला देणे बरोबर नाही. तेथील त्वचा फार पातळ असल्याने खालच्या रक्तवाहिन्या दिसतात. कित्येकदा तो खोलगटपणाची सावली असतो, तर कधी डोळे चोळण्याच्या सवयीने रंग वाढतो. सावलीवर कोणतेही मलम चालत नाही.

१९७५ साली क्लिगमन व विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचविले. अशी मिश्रणे डॉक्टर आजही देतात, पण थोड्या आठवड्यांपुरती. आपल्याकडे मात्र तीच ट्यूब महिनोन्‌महिने लावली जाते. आरंभी चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते आणि मलम थांबविताच आग होते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. गोरेपणाच्या काही बेनामी क्रीममध्ये तर पारा आढळतो. त्याने मूत्रपिंडे बिघडतात. लिंबू चोळून उन्हात जाणेही घातक.

मग करावे काय? उन्हात जाताना रुंद काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदर हवा. शक्य असल्यास एस.पी.एफ. ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये. सरकारी रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि धीर धरावा. गुण यायला महिने लागतात, आणि ऊन लागले की डाग पुन्हा गडद होतात.

आईला गोरे व्हायचे नाही. लग्नकार्यात “तोंडाला काय झालं गं?” असे कोणी विचारू नये, एवढेच तिला हवे. मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर ट्यूब उलटी करून वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती किती दिवसांपासून लावली जात आहे हे विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्या शिकण्याचा घराला एवढा तरी उपयोग व्हावा.