संगणकाच्या गाभ्यातील मोजणी : सामाईक आज्ञावलीचा धडा

कोणत्याही यंत्राची कार्यक्षमता वाढवावयाची, तर प्रथम त्याच्या कामाचे अचूक मापन व्हावे लागते. पाणी कोठे मुरते हे कळल्याशिवाय कालव्याची दुरुस्ती हाती घेता येत नाही. संगणकासही हाच न्याय लागू आहे. एखादे काम संथ का चालते, प्रोसेसरचा वेळ प्रत्यक्ष आकडेमोडीत जातो की स्मृतीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात, हे नुसत्या घड्याळावरून समजत नाही. त्यासाठी प्रोसेसरच्या आतच मोजणीची सोय केलेली असते. ही सोय वापरणारी आज्ञावली प्रत्येक रचनेच्या प्रोसेसरसाठी नव्याने लिहावयाची, की एकदाच लिहून सर्वांसाठी वापरावयाची, हा प्रश्न लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्त्यांपुढे अनेक वर्षे होता. त्यांनी तो टप्प्याटप्प्याने कसा सोडविला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मोजणी कशी होते?

प्रोसेसरमध्ये काही काउंटर बसविलेले असतात. इंटेल कंपनीच्या १९९३ मधील पेंटियम प्रोसेसरमध्ये घटना मोजणारे असे दोन काउंटर होते. किती आज्ञा पार पडल्या, घड्याळाचे किती ठोके झाले, कॅश नावाच्या जलद स्मृतीत हवी ती माहिती किती वेळा सापडली नाही, आज्ञांना जेथे फाटा फुटतो तेथे प्रोसेसरचा अंदाज किती वेळा चुकला, अशा घटना हे काउंटर मोजतात.

काउंटरची क्षमता मर्यादित असते. ३२ बिटांचा काउंटर सुमारे ४२९ कोटींपर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १०० कोटी ठोके देणाऱ्या प्रोसेसरवर हे अवघ्या ४.३ सेकंदांत घडते. अशा वेळी प्रोसेसर इशारा देतो आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, तो हिशेब आपल्या नोंदीत जमा करतो. याच इशाऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. ठराविक घटना, समजा १ लाख, झाल्यावर इशारा मिळेल अशी व्यवस्था केली आणि त्या क्षणी कोणती आज्ञा चालू होती याची दर वेळी नोंद ठेवली, तर कामाचा बहुतेक वेळ कोठे खर्ची पडतो याचे चित्र उभे राहते.

समान काय आणि भिन्न काय?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा प्रारंभ केला तो इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरसाठी. पुढे ही प्रणाली आर्म, पॉवर, रिस्क-फाईव्ह अशा अनेक रचनांच्या प्रोसेसरांवर नेण्यात आली. प्रत्येक रचनेतील काउंटर वेगळे आणि ते चालविण्याच्या आज्ञाही वेगळ्या. घड्याळाचे ठोके मोजण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरला ६० हा घटनाक्रमांक सांगावा लागतो, तर आर्मच्या नव्या रचनेत त्याच घटनेचा क्रमांक १७ आहे.

परंतु मोजणीभोवतीचे बहुतेक काम सर्वत्र सारखेच असते. कोणत्या कार्यक्रमासाठी मोजणी करावयाची, प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळला असता आकडे कसे जपावयाचे, मोजणीची परवानगी कोणास द्यावयाची, हे प्रश्न प्रोसेसरच्या बनावटीवर अवलंबून नसतात. काउंटर चार आणि मोजावयाच्या घटना आठ असतील, तर त्या आळीपाळीने मोजून प्रमाणावरून एकूण अंदाज काढावा लागतो. तोही हिशेब सर्वत्र एकच आहे. तालुक्यातालुक्यांतील पर्जन्यमापके निरनिराळ्या बनावटीची असली, तरी नोंदीचा नमुना एकच असल्यास जिल्ह्याची बेरीज एका ठिकाणी मांडता येते, तसेच हे आहे.

सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत याच तत्त्वावरील यंत्रणा समाविष्ट झाली. ती पुढे पर्फ या नावाने रूढ झाली. सामाईक काम तिने गाभ्याच्या मध्यवर्ती भागात ठेवले. काउंटर सुरू करणे, थांबविणे, वाचणे आणि घटनेचा क्रमांक ठरविणे एवढीच कामे प्रत्येक रचनेच्या स्वतंत्र भागाकडे दिली. ओप्रोफाइल या पूर्वीच्या यंत्रणेचा गाभ्यातील भाग २०२१ मध्ये ५.१२ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला.

प्रतींचा धोका

तरीही द्विरुक्ती पूर्णपणे टळली नाही. आर्म रचनेची ३२ बिटांची आणि ६४ बिटांची अशी दोन रूपे आहेत. २०१२ मध्ये ६४ बिटांच्या रूपासाठी लिनक्समध्ये स्वतंत्र शाखा उघडण्यात आली. त्या वेळी तेथील मोजणीची आज्ञावली मुख्यतः ३२ बिटांच्या आज्ञावलीवरूनच बेतण्यात आली. परिणामी जवळजवळ सारख्याच दोन प्रती अस्तित्वात आल्या.

अशा प्रतींतील धोका सहजासहजी दिसून येत नाही. एका प्रतीतील दोष दुरुस्त झाला, तरी दुसऱ्या प्रतीत तो राहून जाण्याची शक्यता असते. शिवाय मोजणीतील चुकीने संगणक बंद पडत नाही. तो केवळ चुकीचा आकडा देतो आणि त्या आकड्यावर विसंबून घेतलेले निर्णयही चुकतात. मापच खोटे असेल, तर सुधारणेचे सारे श्रम भलत्याच ठिकाणी खर्ची पडतात.

हे ध्यानी घेऊन २०१५ मध्ये आर्मच्या मोजणीचा समान भाग शाखांमधून काढून ड्रायव्हर्स विभागातील पर्फ या कप्प्यात हलविण्यात आला आणि दोन्ही शाखा तो वापरू लागल्या. मात्र आर्मच्या नव्या मोजणी-रचनेची आज्ञावली ६४ बिटांच्या शाखेतच राहिली होती. त्यामुळे नव्या प्रोसेसरवर ३२ बिटांचा गाभा चालविल्यास काउंटर असूनही त्यांचा लाभ घेता येत नसे. २०२३ मध्ये ६.४ या आवृत्तीत हीदेखील सामाईक कप्प्यात आणण्यात आली. दोन्ही शाखांतील फरक मुख्यतः रजिस्टर वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या आज्ञांपुरता होता. तेवढा प्रत्येक शाखेच्या छोट्या स्वतंत्र फाइलीत ठेवण्यात आला. तत्पूर्वी, २०२२ मध्ये, रिस्क-फाईव्हच्या मोजणीची आज्ञावलीही अशाच पद्धतीने, सामाईक पाया आणि त्यावर आधारलेले विशिष्ट भाग अशी विभागून, याच कप्प्यात ठेवण्यात आली होती.

मर्यादांचे भान

सामाईकपणालाही मर्यादा आहेत. नाव एक असले, तरी अर्थ एक असतोच असे नाही. कॅशमधील चुकांचा आकडा एका प्रोसेसरवर ज्या पातळीवर मोजला जातो, त्याच पातळीवर तो दुसऱ्यावर मोजला जाईल याची शाश्वती नसते. म्हणून दोन भिन्न प्रोसेसरांच्या अशा आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. शिवाय सामाईक भागात केलेला बदल सर्वांनाच लागू होतो. दुरुस्तीचा लाभ जसा सर्वांना मिळतो, तशीच चूकही सर्वत्र पसरते. त्यामुळे प्रत्येक बदलाची परीक्षा सर्व प्रकारच्या यंत्रांवर होणे अगत्याचे ठरते.

आपल्याकडील उपयोग

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली. या संस्थेच्या परम मालिकेतील परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ मध्ये पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत उभारण्यात आला. त्यात इंटेलचे प्रोसेसर आहेत. याच सी-डॅकने रिस्क-फाईव्ह रचनेवर आधारलेले वेगा नावाचे प्रोसेसरही विकसित केले आहेत. एकाच देशात भिन्न रचना अशा प्रकारे नांदत असताना, मोजणीची एकच पद्धत शिकलेला अभियंता कोणत्याही यंत्रावर काम करू शकतो, ही मोठी सोय आहे. नव्या प्रोसेसरच्या निर्मात्यासही सारी यंत्रणा मुळापासून उभारावी लागत नाही. आपल्या काउंटरांपुरता भाग लिहिला की बाकीचे काम तयार मिळते.

समान ते एकत्र ठेवावे, भिन्न ते नेमकेपणाने वेगळे ठेवावे आणि या दोहोंमधील सीमारेषा स्पष्ट आखावी, हे या साऱ्या खटाटोपाचे सार होय. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिनक्सची ही आज्ञावली विनामूल्य खुली आहे. तिचा हा भाग अभ्यासल्यास केवळ मोजणीचेच नव्हे, तर दीर्घकाळ टिकणाऱ्या रचनेचेही शिक्षण मिळेल.